काजूच्या बोंडूचा हुर्राक

युरोपातील खेडेगावांत वसंत ऋतू आला म्हणजे डँडेलियन नावाचे एक पिवळे रानफूल कुरणांतून वेचले जाते आणि त्यापासून घरगुती वाइन बनविली जाते. वस्तुतः त्या फुलात गोडी अशी जवळजवळ नसतेच. पाकळ्या गरम पाण्यात मुरत घालावयाच्या, त्यात पुष्कळ साखर व लिंबाचा रस मिसळावयाचा, आणि मग किण्व टाकून ते मिश्रण महिनोन् महिने ठेवावयाचे, अशी ती कृती. फूल देते ते केवळ रंग आणि गंध; मद्य होते साखरेचे.

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे आणि दिचोली या तालुक्यांत, नेमका याच्या उलट प्रकार आहे. तेथे साखर विकत आणावी लागत नाही, किण्वही आणावे लागत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत डोंगरउतारावर काजूचे पिवळे-तांबडे बोंडू पिकून आपोआप गळतात. त्यांच्या रसात शेकड्याला दहा-बारा भाग साखर असते, आणि तिचे मद्यात रूपांतर करणारे सूक्ष्म जीव फळाच्या सालीवरच वस्तीला असतात. माणसाने फक्त फळ वेचावयाचे आणि वेळ चुकू द्यावयाची नाही.

ही वेळच या धंद्यातील खरी अडचण होय. बोंडू झाडावरून तोडीत नाहीत; तोडलेल्या फळाचा तुरटपणा रसात उतरतो आणि गोडी कमी भरते. म्हणून पहाटे, काठीच्या टोकाला खिळा बसवून, गळलेले फळ टोचून टोपलीत टाकीत सारे घर बागेत फिरते. बी हाताने पिळून वेगळी करतात. गळलेले फळ एक-दोन दिवसांत नासते. त्यामुळे आजचे बोंडू आजच चेंगरले पाहिजेत. वळिवाची एखादी जोरदार सर आली तर जमिनीवरील फळ कुजते, रस पाणचट होतो, आणि ज्या कुटुंबाचे वर्षाचे रोख उत्पन्न या एका हंगामावर अवलंबून असते त्याचा तो आठवडा वाया जातो.

चेंगरण्याची जुनी रीत पायांची. कातळात कोरलेल्या उथळ कुंडीत बोंडू पसरून ते तुडवीत. आता बहुतेक ठिकाणी यंत्र आले आहे, आणि ते येण्यात फारसे दुःख मानण्यासारखे नाही. दिवसभर तुरट रसात उभे राहून तळपायांची काय दशा होते, ते तुडविणाऱ्यालाच ठाऊक. उरलेला चोथा रानवेलीने गुंडाळून ढीग रचतात व त्यावर जड दगड ठेवतात. रात्रभर त्यातून जो नितळ रस ठिबकतो तो निरो. सकाळी ताजा प्यावा तर याच्यासारखे पेय नाही, आणि जीवनसत्त्व ‘क’ त्यात संत्र्याच्या कित्येक पट असते. दुपार टळली की मात्र तो फसफसू लागतो.

चेंगरून निघालेला रस भांड्यांत दोन-तीन दिवस ठेवला की फेस येतो, उकळल्यासारखा आवाज होतो, आणि मग हळूहळू सारे शांत होते. हे शांत होणे म्हणजे साखर संपल्याची खूण. येथवर जे तयार झाले ते एक प्रकारची हलकी वाइनच; साखर दहा-बारा टक्के, तेव्हा मद्यार्क पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. परंतु उन्हाळ्यात ती लगेच आंबट होते, म्हणून कोणी ती साठवीत नाही. ती भाणात ओतून खाली लाकडाचा जाळ लावतात. मद्यार्क पाण्याच्या आधी, सुमारे ७८ अंशांवर वाफ होतो; ती वाफ नळीवाटे लावणीत जाऊन थंड होते. पहिल्या गाळणीचा तो हुर्राक. त्याच हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळले की फेणी. भट्टीवाले अजूनही जोर ‘ग्राव’मध्ये मोजतात: हुर्राक चौदा ते सोळा, फेणी एकोणीस-वीस, म्हणजे मद्यार्क सुमारे बेचाळीस टक्के. बाटली हलविली असता फेणाचे मणी किती वेळ टिकतात, यावर जाणता माणूस यंत्राविना जोर सांगतो; फेणी हे नावही त्या फेणावरूनच पडले असे मानतात.

काजूचे झाड मूळचे ब्राझिलचे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते इकडे आणले. दिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेली, तेव्हापासून तेरेखोल नदी ही सरहद्द झाली. त्या सरहद्दीचा परिणाम आजही बोंडूवर दिसतो. नदीच्या उत्तरेला, वेंगुर्ले-सावंतवाडीकडे, माती तीच, झाडेही तीच. पण तेथे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्यावाचून गाळणे हा गुन्हा. बी विकली जाते, आणि बियांच्या कित्येक पट वजनाचे फळ बहुतांशी बागेतच कुजते. दक्षिणेला अबकारी खाते हंगामापूर्वी काजूच्या भागांचा लिलाव पुकारते. बोली जिंकणारा कर भरून भट्टी लावतो.

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेय म्हणून मान्यता दिली. तथापि मान्यतेने झाडे वाढत नाहीत. दिचोलीचे कित्येक डोंगर लोहखनिजाच्या खाणींनी खणून काढले; मोप्याच्या पठारावर २०२२ मध्ये विमानतळ झाला, त्यासाठीही काजू तुटले. पहाटे टोपली घेऊन निघणारी तरुण माणसे मिळत नाहीत. त्यातच साखरेचे पाणी किंवा बाहेरचा मद्यार्क घालून केलेली स्वस्त ‘फेणी’ बाजारात येते, आणि अस्सल गाळणाऱ्याला तिच्याच भावाशी झगडावे लागते. म्हणून पेडण्यातील जाणते गिऱ्हाईक आजही दुकानात न जाता ओळखीच्या भट्टीवर जाते, आणि एप्रिलातला हुर्राक मीठ-लिंबू व चिरलेली हिरवी मिरची घालून तेथेच चाखून पाहते. पाऊस लागला की भट्टी विझते, आणि हुर्राक पुढील मार्चपर्यंत दिसत नाही.