कोमाक्योची मुरवलेली वाम

व्हेनिस आपण सिनेमात बघतो. त्याच्या दक्षिणेला, इटलीतच, कोमाक्यो नावाचं शांत कोळी गाव आहे. तिथंही गावातून कालवे फिरतात. सतराव्या शतकातल्या त्रेप्पोन्ती पुलाला तर पाच बाजूंनी जिने आहेत.

पण खरं बघायचं ते वाम मासळीचं काम. पावसाळी थंडी सुरू झाली की खाजणातली वाम समुद्राकडे निघते. वाटेत निमुळते सापळे लावून तिला अडवतात. एकदम एवढी मासळी आली, तर ताजी विकणार तरी किती? म्हणून तुकडे करून सळईला लावायचे, जाळावर भाजायचे, मग व्हिनेगर, मीठ आणि तमालपत्रात मुरवून डब्यात भरायचे. या कामाला बायकाही असत. सोफिया लॉरेनने एका सिनेमात अशीच कामगार बाई केली आहे.

१२ चुलाणांचा तो जुना कारखाना आता संग्रहालय झालाय. वाम तिथं अजून भाजतात, डबाही विकत मिळतो. चुलाणं आहेत, सळ्या आहेत. मासळीच फार कमी झाली. तिची पिल्लं दूरच्या महासागरातून येतात, कोळंबीसारखी तळ्यात पैदास करता येत नाही.

कधी जाणं झालंच तर फेरारा शहरातून बस मिळते. वाम महाग वाटली तर तळलेली बारीक मासळी मागा, तीही तिथल्याच खाजणातली.