खिडकीतलं बंदर

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते खारं पाणी, वाळत घातलेली मासळी आणि माडांची रांग. मी राहते त्या डुलूथमध्ये यातलं काही म्हणजे काही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हे गाव अटलांटिक महासागरापासून पाण्याच्या वाटेने दोन हजार मैलांहून जास्त आत आहे. पाणी गोडं, लेक सुपिरिअर या अफाट सरोवराचं. थंडीत बंदर चक्क गोठतं. आणि तरीही इथे हजार फूट लांबीची जहाजं येतात!

समुद्रातून येणारं जहाज आधी सेंट लॉरेन्स नदीत शिरतं. मग वाटेत सोळा ‘लॉक’ लागतात. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एकेक पायरीच समजा. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी भरायचं, की जहाज वर. अशा पायऱ्या चढत ते समुद्रसपाटीपासून सहाशे फूट उंचीवर आमच्या गावात येऊन पोहोचतं. १९५९ साली हा मार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला. गावात शिरताना कालवा आहे तो फक्त तीनशे फूट रुंद. त्यावरचा पूल मूळचा १९०५चा. १९३०च्या सुमारास त्याला आताचं, लिफ्टसारखं वर जाणारं रूप मिळालं. जहाज आलं की अख्खा पूल सरळ वर उचलला जातो, जहाज भोंगा देतं, पूलही भोंगा वाजवून उत्तर देतो. हे बघायला माणसं मुलाबाळांना घेऊन थंडीवाऱ्यात उभी असतात. मीही सुरुवातीला तशीच उभी राहिले होते, नाकाचा शेंडा लाल करून!

ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी आमचे कॅमेरे. आम्ही सहाजण आहोत. निवृत्त रेल्वे कर्मचारी, दोघी शिक्षिका, एक नर्स, एक सुतार आणि मी. सगळे हौशी, कुणाला यातून दमडी मिळत नाही. ‘नेटवर्क’ हा शब्द भारदस्त वाटतो, पण प्रत्यक्षात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गच्चीच्या कठड्याला असे मिळून सात कॅमेरे आहेत आणि ते चोवीस तास बंदराचं थेट चित्र इंटरनेटवर दाखवतात. आमचं घर टेकडीवर. माझ्या स्वयंपाकघराच्या वरच्या खिडकीतून कालवा, पूल आणि बाहेरचं सरोवर असं तिन्ही दिसतं, म्हणून माझी वर्णी लागली.

जगातला पहिला वेबकॅम कशासाठी होता, माहितेय? इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात १९९१मध्ये काही संगणकवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, भांडं रिकामं असेल तर उगाच जिने चढायला नकोत म्हणून! आळसातून लागलेले शोध काही कमी नाहीत.

आमच्या कामात मात्र आळस चालत नाही. कॅमेरा लावला की झालं, असं लोकांना वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हिवाळ्यात काचेवर बर्फ धरतो, म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीत छोटा हीटर लागतो. उन्हाळ्यात वेगळीच कथा. रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतात आणि भिंगावर जाळं विणतात. मग जगभरातल्या जहाजवेड्यांना रात्रभर बंदराऐवजी एक धष्टपुष्ट कोळी दिसतो. माझी जळमटं काढायची काठी, त्यावर मऊ फडकं, हा आमच्या नेटवर्कमधला सर्वांत उपयोगी शोध, असं सुतारदादा म्हणतात.

इंटरनेट घेतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा वेग सगळे विचारतात, कॅमेऱ्याला हवा असतो तो बाहेर पाठवण्याचा वेग. तो कमी असला की जहाज झटके देत पुढे सरकतं, जुन्या मूकपटासारखं. कुठलं जहाज येतंय हे कळायला आणखी एक यंत्र आहे. मोठी जहाजं आपलं नाव, जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत असतात. त्याला एआयएस म्हणतात. साधा अँटेना आणि स्वस्तातलं रिसीव्हर घेतलं की ते घरबसल्या ऐकता येतं. भाजी फोडणीला टाकता टाकता मला कळतं, की अमुक जहाज तासाभरात पुलाखाली असेल.

आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या? त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून काळी पट्टी आहे. कॅमेऱ्यातच तशी सोय असते. लोकांच्या गप्पा टिपल्या जाऊ नयेत म्हणून आवाजही फक्त पुलाजवळच्या एका कॅमेऱ्याला, तोही उंचावर. जहाजाच्या डेकवर माणूस दिसला तर त्याच्यावर झूम करायचं नाही, हाही आमचा नियम. या नियमावरूनच २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आमच्यात जुंपली.

झालं असं, की मला रत्नागिरीकडच्या एका काकूंची ईमेल आली, भाचीने टाइप केलेली. कॅमेऱ्याखाली देखभाल करणाऱ्यांची नावं असतात, त्यात माझं आडनाव त्यांनी वाचलं. ‘ताई, माझा मुलगा बोटीवर आहे. बोट तुमच्या गावासमोर नांगर टाकून उभी आहे. तेरा महिने झाले त्याला जाऊन.’

ते दिवस आठवा. करोनामुळे विमानं बंद, सरहद्दी बंद. नियमाप्रमाणे खलाशाला सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त बोटीवर ठेवता येत नाही. पण त्याची जागा घ्यायला दुसरा माणूस पोचेल तेव्हा ना! २०२०च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी असे कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकले होते. काकूंचा मुलगा त्यातला एक. धान्य भरायला आलेलं जहाज, कोठाराशी जागा मिळेपर्यंत किनाऱ्यापासून दोनेक मैलांवर थांबलेलं. गावाचे दिवे दिसतात पण उतरायची परवानगी नाही. काकूंचं मागणं एवढंच, कॅमेरा थोडा वेळ त्या बोटीकडे वळवाल का?

मला तर लगेच वळवावासा वाटला. नर्सबाई ठाम होत्या, नियम तो नियम. जहाजावर वीस-एकवीस माणसं, त्यांना आपण दिसतोय हे ठाऊकही नाही. आज आईसाठी, उद्या कुणासाठी? रेल्वेवाले आजोबा म्हणाले, हजारो लोक पूल बघायला येतात, त्यांनी रिकामं सरोवर का बघावं? मी काही बोलले, त्या काही बोलल्या. चार दिवस आमचं फोनवर धड बोलणं नव्हतं. मला आजही वाटतं, नर्सबाईंचा मुद्दा खरा होता आणि काकूंचाही खरा होता.

शेवटी खलाशांची विचारपूस करणाऱ्या इथल्या एका गृहस्थांमार्फत जहाजावर निरोप गेला. कॅप्टनने होकार दिला, मुलानेही. माझा कॅमेरा रोज अर्धा तास तिकडे वळवायचा ठरलं, बाकीचे पुलावरच. वेळेचा घोळ निस्तरायला कागद घेऊन बसले. आमची सकाळ म्हणजे काकूंची संध्याकाळ, साडेदहा तासांचा फरक. सकाळी लवकर सूर्य थेट भिंगात येतो, नुसता पांढरा झगझगाट. म्हणून सकाळी अकरा, तिकडे रात्री साडेनऊ.

पहिल्या दिवशी वारा फिरला होता. नांगरावरचं जहाज वाऱ्याबरोबर तोंड वळवतं, त्यामुळे मुलगा उभा होता ती बाजू पलीकडे गेली. काकूंना दिसली फक्त लोखंडी भिंत. दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी नारिंगी बॉयलर सूटमधला एक ठिपका आला आणि त्याने काहीतरी पांढरं हलवलं. टॉवेल असावा. फार तर दोन मिनिटं. ‘चेहरा नाही दिसला,’ काकूंनी कळवलं, ‘पण उभं राहायची ढब त्याच्या बाबांसारखीच.’ नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी जहाज पुलाखालून आत आलं आणि नर्सबाईंनी आपणहून पुलावरचा कॅमेरा सांभाळला. मुलगा घरी पोचला तो त्यानंतर दोन महिन्यांनी.

पुन्हा वाद झाला तो २०२४मध्ये. २६ मार्चला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ नावाचं मालवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला, पुलावर रस्त्याचं काम करणारे सहा मजूर गेले. बंदरावर रोखलेल्या एका थेट कॅमेऱ्यातलं ते दृश्य जगभर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय होते. त्यांच्या घरच्यांनी ते कसं बघितलं असेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या गावात तर १० नोव्हेंबर १९७५ची आठवण अजून ताजी आहे. शेजारच्या सुपिरिअर बंदरातून निघालेलं ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ वादळात एकोणतीस माणसांसह बुडालं होतं.

मग आम्ही ठरवलं, की संकटाचा प्रसंग दिसला तर त्या वेळी ज्याची पाळी असेल त्याने लोकांसाठीचं चित्र लगेच बंद करायचं. रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवायचं आणि तटरक्षक दलाला द्यायचं. सुतारदादांना हे पटलेलं नाही. लपवाछपवी केली की अफवा वाढतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नोव्हेंबरमधल्या वादळी रात्री पाळी आम्ही त्यांना देत नाही, आणि तेही मागत नाहीत.

जानेवारीच्या मध्यावर सू इथलं लॉक दुरुस्तीसाठी बंद होतं ते २५ मार्चपर्यंत. तेवढे दोन महिने कॅमेरे उतरवायचे, हीटर तपासायचे, वायरी बदलायच्या. सगळे एकदम उतरवत नाही, कारण नुसता बर्फ बघणारेही असतात. काकू त्यातल्या एक. ‘काय गं, अजून गोठलेलंच का तुमचं?’ असं फेब्रुवारीत एकदा तरी विचारतात.