बंडाचा कारभार : साताऱ्याचे प्रतिसरकार



मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, गेटसभा आटोपल्यावर. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझे लक्ष संघटनेच्या हिशेबाकडे जाते. पोवाडे तलवारीचे असतात. पण तलवार धरणाऱ्याला भाकरी कोणी दिली, निरोप कोणी पोचवला, भांडण लागले तर निवाडा कोणी केला, हे पोवाड्यात फारसे येत नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे उदाहरण आधी घेतो. ४ जुलै १७७६ ची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या आधी जवळजवळ दोन वर्षे, १७७४ च्या शरद ऋतूत, तेरा वसाहतींपैकी बारांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियास जमले आणि विलायती मालावर बहिष्कार पुकारला. नुसता पुकारला नाही, तर गावोगावी समित्या नेमून त्यांच्याकडे अंमलबजावणी सोपवली. कोणता व्यापारी चोरून माल विकतो ते या समित्या पाहत आणि त्याचे नाव वर्तमानपत्रात छापून टाकीत. राजाचे गव्हर्नर खुर्चीत बसलेले, पण हुकूम चालतो समितीचा! एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळी सुटली, जूनमध्ये वॉशिंग्टन सेनापती झाला, आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच्याही वर्षभर नंतर आला. म्हणजे राज्य आधी चालू लागले, त्याचे नाव मागाहून ठेवले.

आता आपल्या घरी या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी पकडले गेले आणि सातारा जिल्ह्यात लोकांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे नेले. तेव्हाचा सातारा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा बराचसा भाग. तासगावला ३ सप्टेंबरला मोर्चा यशस्वी झाला. ९ तारखेला वडूजला मात्र पोलिसांनी गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, आणि त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण अभियंते उमाशंकर पंड्या गेले. मोर्च्याचा मार्ग येथे संपला. हजारो निःशस्त्र माणसे एका ठिकाणी आणणे म्हणजे त्यांना बंदुकीपुढे उभे करणे, हे कार्यकर्त्यांना कळून चुकले.

मग ते भूमिगत झाले. तारा तोडणे, रेल्वे अडवणे, सरकारी चावड्या जाळणे हे काही महिने चालले. पण भूमिगत माणसाला गावाचा आधार लागतो, आणि गाव फुकट आधार देत नाही. त्यात एक नवी पीडा उभी राहिली. पोलीस क्रांतिकारकांच्या मागे लागले, तेव्हा दरोडेखोरांना रान मोकळे मिळाले. काही तर चळवळीचेच नाव सांगून लुटू लागले. अशा वेळी गावकरी विचारणारच, ‘तुम्ही इंग्रजाला घालवाल तेव्हा घालवाल, आज रात्री माझ्या गोठ्याचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९४३ मध्ये प्रतिसरकार उभे राहिले, असे माझे मत आहे.

क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे दैवत. येडेमच्छिंद्रचे, शेतकरी घरातले, एके काळचे तलाठी. तलाठ्याला गावाची नस ठाऊक असते. सातबारा वाचणारा माणूस बंडात उतरला की सरकारला तो अवघड जातो! त्यांच्याभोवती किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी अशी तरुण फळी होती. गावोगावी पंच नेमले, न्यायदान मंडळे काढली. जमिनीची, सावकारीची, बायकोला टाकून दिल्याची भांडणे तेथे येत. निवाडा गावासमोर होई, वकील नाही, स्टँप नाही, तारखा नाहीत. दारूबंदी, वाचनालये, आणि थोड्या खर्चात उरकणारी ‘गांधी लग्ने’ ही कामेही त्यातलीच. हुकूम अमलात आणायला कुंडल भागात तुफान सेना होती. सुमारे १५० गावांत हा कारभार चालला, असे सर्वसाधारणपणे सांगतात.

हे एका रात्रीत उगवले नाही. या मुलखात सत्यशोधकांनी आधी पुष्कळ नांगरणी केली होती. भटजीवाचून व कर्जावाचून लग्न लावायची सवय तेथलीच. शिवाय कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपणहून प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती आणि गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला होता. पंचांपुढे बसून न्याय मागणे त्या गावांना नवे नव्हते. इंग्रजी पोलिसाला संस्थानच्या हद्दीत शिरणे त्रासाचे पडे, तोही फायदा झालाच.

पैशाचे काय? शस्त्रे गोव्याकडून येत आणि त्यांना रोकड लागे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. आपल्या नाशिककरांना जवळची गोष्ट म्हणजे १४ एप्रिल १९४४ ची. धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीतून जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख. सातारचे तरुण खानदेशात येऊन, तिथल्या सोबत्यांच्या मदतीने हे काम करून गेले. ‘लूट’ हा शब्द त्यांना आवडत नसे. आमचा पैसा आम्ही परत घेतला, असे ते म्हणत.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर अमेरिकेची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉशिंग्टनच्या फौजेचा पगार कागदी नोटांत, त्या नोटांची किंमत मातीमोल, आणि तोही वेळेवर नाही. १ जानेवारी १७८१ ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी उठाव केला आणि थकलेला पगार व मुदत संपलेल्यांची सुटका मागितली. इंग्रज सेनापतीने संधी साधून आपले हेर पैशाचे आमिष घेऊन पाठवले. शिपायांनी त्या हेरांनाच धरून आपल्या वरिष्ठांच्या ताब्यात दिले! भांडण मालकाशी, पण फितुरी नाही. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि पुष्कळांना मोकळे करावे लागले. संपाच्या इतिहासात मी हा संप फार वरचा मानतो.

आता अवघड भाग. ‘पत्री सरकार’ हे टोपणनाव आपण हसत घेतो. खबऱ्याला, दरोडेखोराला, गावगुंडाला पालथे पाडून तळपायावर काठ्या मारीत. त्याला ‘पत्री मारणे’ म्हणत. तळपायाला पत्रे ठोकतात अशी अफवाही पसरली आणि तिची दहशत काठीपेक्षा जास्त झाली. या शिक्षेने दरोडे थांबले, हे खरे. पण जिथे अपील नाही, तिथे एखादा जुना हाडवैरी खबऱ्या ठरवला जाण्याचा धोका असतोच. मी संपाच्या काळात कामगारांच्या सभेत एखाद्याला ‘मालकाचा माणूस’ म्हणून उभे केलेले पाहिले आहे. एकदा तो शिक्का बसला की पुरावा कोणी मागत नाही. म्हणून प्रतिसरकारातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे निवाडा चारचौघांत करायची रीत. अंधारात दिलेल्या शिक्षेपेक्षा चावडीवर दिलेली शिक्षा निराळी. तिथे आरोपीची आई असते, भावकी असते, आणि पंचाला उद्या त्याच गावात राहायचे असते.

१९४४ च्या मे महिन्यात गांधीजी सुटले आणि त्यांनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. गांधीजींच्या नावाने लग्ने लावणाऱ्या या मंडळींपैकी बहुतेकांनी तो मानला नाही. गावाला दिलेला शब्द मोडायचा कसा, ही त्यांची अडचण मला समजते. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली आणि नाना पाटील लोकांसमोर उघड आले.

पुढे वाटा फुटल्या. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील हे त्याच बेचाळीसच्या साताऱ्यातले. दोघेही पुढे मुख्यमंत्री झाले. किसन वीर आणि नागनाथअण्णा सहकारी साखर कारखान्यांत रमले. १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट म्हणून. त्याच निवडणुकीत काँग्रेसतर्फे यशवंतराव कऱ्हाडहून थोडक्यात निवडून आले; एके काळी एकाच पोलिसाला चुकवणारी माणसे समोरासमोरच्या व्यासपीठांवर उभी होती.