ठेंगण्या वनस्पतींचे मूळ रूपाकडे परावर्तन: वऱ्हाडातील फळबागांच्या संदर्भात

प्रस्तावना
कलमांपासून वाढविलेल्या ठेंगण्या झाडावर कधी कधी एखादी फांदी मूळ जातीप्रमाणे उंच व जोमदार वाढते. यास परावर्तन म्हणतात. मात्र बागेतील प्रत्येक निराळा फुटवा परावर्तनच असतो असे नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यास उपाय चुकतो व बागेचे नुकसान होते.

परावर्तनाचे स्वरूप
कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९०४ साली पांढऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे एक ठेंगणे रूप आढळले. 'कोनिका' या नावाने ते अनेक देशांच्या उद्यानांत पोहोचले. असा ठेंगणेपणा जनुकीय बदलातून येतो आणि कलमांद्वारे टिकविला जातो. कोंबातील पेशींत हा बदल पुन्हा उलटल्यास, किंवा बदल न झालेल्या पेशींच्या थरातून फांदी निघाल्यास, ती मूळ वृक्षाच्या वेगाने वाढते. न छाटल्यास ती ठेंगण्या भागास झाकून टाकते.

केळी
अकोट व अंजनगाव सुर्जी भागांत केळीची लागवड होते. बसराई ही कॅव्हेंडिश गटातील ठेंगणी जात होय. या गटाच्या ऊतिसंवर्धित रोपांत क्वचित उंच रूपे निघतात. असा गुण मुनव्यांतही उतरू शकतो. म्हणून बेण्यासाठी मुनवे घेताना मातृझाडाची उंची पाहणे आवश्यक ठरते.

संत्री
वरुड व मोर्शी तालुक्यांतील संत्राबागांत स्थिती वेगळी आहे. तेथे नागपुरी संत्र्याचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधतात. सांध्याखालून निघणारा फुटवा हे संत्र्याचे परावर्तन नसून ती स्वतंत्र वनस्पती, म्हणजे जंभेरीच, असते. तिची कोवळी पालवी जांभळट असते व पान चुरगळल्यास लिंबासारखा वास येतो. सांध्याच्या वर सरळ वाढणारे पाणसोट मात्र संत्र्याचेच असतात.

निष्कर्ष
फुटवा कोठून निघाला, हा पहिला प्रश्न होय. खुंटावरील फुटवे कोवळे असतानाच उगमापाशी काढावेत. परावर्तित फांदी बुडापासून छाटावी आणि तिच्यापासून कलमे घेऊ नयेत. दुर्लक्ष झाल्यास संत्र्याचा भाग वाळतो, खुंट हिरवा राहतो, आणि बागाईतदार वर्षानुवर्षे जंभेरीलाच खतपाणी देत राहतो.