बंजारे आणि ‘गुन्हेगार जाती’ ही संज्ञा

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांतील सुलतानपूर हें मेहकर-सिंदखेडराजा मार्गावरील गांव होय. या टापूंत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. जुन्या कागदांत हा समाज दोन रूपांनीं भेटतो: आधीं धान्याचे वाहतूकदार म्हणून, व नंतर संशयित म्हणून. दुसरें नांव त्यांस कसें चिकटलें व त्या नांवानें पुढें काय घडविलें, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाडांतील परंपरा अशी कीं, शहाजहानच्या कारकीर्दींत, इ. स. १६३० च्या सुमारास, आसफखान दक्षिणेंत आला तेव्हां भंगी व झंगी या नायकांचे एक लक्ष ऐशी हजार बैल फौजेबरोबर होते. त्याबद्दल त्यांस ताम्रपट मिळाल्याचीहि आख्यायिका आहे. वाशीमचे पोलीस अधिकारी कंबरलेज यांनीं बंजाऱ्यांविषयीं लिहितांना ती नमूद केली आहे. बैलांचा आंकडा फुगविलेला असेल. तथापि फौजेस दाणा पुरविणें हें मानाचें काम समजलें जाई, हें तींतून स्पष्ट दिसतें. इ. स. १८०३ मध्यें असई व अडगांव येथें लढणाऱ्या आर्थर वेलस्लीचा धान्यपुरवठाहि बऱ्याच अंशीं बंजाऱ्यांवरच अवलंबून होता.

इ. स. १८१८ नंतर दक्षिणेंतील मोठ्या स्वाऱ्या थांबल्या; इ. स. १८६७ त रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, आणि बैलांवरील वाहतूक बसली. निर्वाह बुडालेल्यांपैकीं कांहींनीं चोऱ्या-दरवडे केले, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु इ. स. १८७१ च्या २७ व्या कायद्यानें व्यक्तीस सोडून सबंध जमातीसच गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्याची वाट बंद केली. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, हा समज या कायद्याच्या मुळाशीं होता. आरंभीं उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा इ. स. १९११ त सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं नव्यानें करण्यांत आला. कांहीं प्रांतांत बंजारेहि त्याखालीं आले.

नोंदवहींत नांव चढलें कीं हजेरी आली. गांव सोडण्यास दाखला आला. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. आसपास चोरी झाली कीं पहिली झडती तांड्याची. नोंदलेल्या मनुष्यास काम देण्यास लोक कचरत. काम नाहीं म्हणून तो भटके. दाखल्यावांचून भटकल्याबद्दल त्यास शिक्षा होई. आणि ती शिक्षा मूळ नोंद खरी असल्याचा पुरावा म्हणून पुढें केली जाई. सारांश, नोंदीनें आपला पुरावा आपणच निर्माण केला. अमेरिकेंत फ्रँक टॅननबॉम यांनीं इ. स. १९३८ त व हॉवर्ड बेकर यांनीं इ. स. १९६३ त हाच विचार मांडला: समाज ज्यास गुन्हेगार म्हणून वेगळा काढतो, त्याच्या इतर वाटा बुजत जातात व तो त्या नांवाप्रमाणें वागूं लागतो. आमच्याकडील दफ्तरांत या विचाराचा दाखला त्यापूर्वींच लिहिला जात होता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत १४ जाती असून बंजारा ही त्यांपैकीं एक आहे. कायदा गेला, तरी संशय त्याच्याबरोबर गेला नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, अशी नोंदवही हातीं आल्यास ‘गुन्हेगार’ हा शब्द त्या मनुष्याचें वर्णन म्हणून न वाचतां लिहिणाऱ्याचा निर्णय म्हणून वाचावा. नांव कोणत्या सालीं व कोणत्या कायद्याखालीं चढलें, आणि पहिली शिक्षा त्याच्या आधींची कीं नंतरची, हें प्रथम ताडून पाहावें. शिक्षा नंतरची असून ती केवळ हजेरी चुकल्याची असेल, तर त्या कागदावरून मनुष्याचा स्वभाव नव्हे, कायद्याचा स्वभाव सिद्ध होतो. त्या नांवांचे वंशज आज हयात आहेत. कागद छापतांना एवढी खबरदारी घेणें हें संशोधकाचें कर्तव्य होय.