मोहोरबंद मालाची वाटचाल

ज्या देशाच्या सीमेला समुद्र कोठेच भिडत नाही, त्याला परदेशातून मागविलेली सुईदेखील आधी दुसऱ्याच्या बंदरात उतरवून, दुसऱ्याच्याच मुलखातून वाट काढीत घरी न्यावी लागते. नेपाळची स्थिती नेमकी अशी आहे. समुद्रमार्गे येणारा त्याचा माल मुख्यत्वे कोलकाता व हल्दिया येथे, आणि अलीकडे विशाखापट्टणम् येथेही, गोदीवर उतरतो. तेथून तो आगगाडीने रक्सौलची हद्द ओलांडून बीरगंजच्या ड्राय पोर्टमध्ये पोचतो, किंवा ट्रकवर चढून सीमेवरील निरनिराळ्या नाक्यांकडे जातो. कोलकात्याहून बीरगंज लोहमार्गाने सुमारे ७०० किलोमीटर. या सबंध प्रवासात कंटेनर भारताच्या भूमीवर असतो, पण जकातीच्या हिशेबी तो केवळ वाटसरू असतो. आणि वाटसरूकडून जकात घ्यायची नाही, हे भारताने नेपाळशी केलेल्या पारगमन करारात कबूल केले आहे व १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानेही भूवेष्टित राष्ट्रांचा हा हक्क मान्य केला आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की वाटसरू म्हणून निघालेला माल मध्येच कोठे उघडला जाऊन येथल्याच बाजारात विकला गेला, तर भारताची जकात बुडते, नेपाळच्या खजिन्यातही काही पडत नाही, आणि प्रामाणिकपणे जकात भरून तोच माल आणणारा व्यापारी मात्र नाहक मारला जातो.

इतिहास जाणणाऱ्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. १७१७ साली बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या फर्मानान्वये, सालीना तीन हजार रुपये भरून बंगालमध्ये जकातमाफ व्यापार करण्याची मुभा कंपनीला मिळाली, आणि कंपनीच्या अंमलदाराच्या सहीचा ‘दस्तक’ नावाचा परवाना पुढे केला की चौकीवरील जकातदार तो माल सोडून देऊ लागला. माफी होती कंपनीच्या मालापुरती. परंतु दस्तक हा मालापासून सुटा असलेला कागद होता, आणि कंपनीचे नोकर आपल्या खाजगी व्यापारावर, इतकेच नव्हे तर मोबदला घेऊन देशी व्यापाऱ्यांच्या मालावरही, त्याचे पांघरूण बिनदिक्कत घालू लागले. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याच्या तक्रारींत ही एक प्रमुख तक्रार होती. पुढे १७६३ साली नवाब मीर कासिमने तर, काही केल्या हा गैरव्यवहार थांबेना म्हणून, सर्वच व्यापाऱ्यांची अंतर्गत जकात उठवून टाकली, आणि कंपनीशी त्याचे युद्ध जुंपण्यास ते एक कारण झाले. जकातमाफी देणे हे एका सहीचे काम आहे. ती माफी त्याच मालाला, त्याच वाटेवर, अखेरच्या मुक्कामापर्यंत चिकटून राहील अशी तजवीज करणे हेच राज्यकारभाराचे खरे कौशल्य, आणि त्याच बंगालच्या बंदरातून निघणाऱ्या कंटेनरांच्या बाबतीत अडीच शतकांनंतरही ते पणाला लागलेले आहे.

परवापरवापर्यंत ही तजवीज मुख्यतः कागदाच्या जोरावर होत असे. नेपाळी आयातदाराने किंवा त्याच्या दलालाने बंदरावर पारगमनाचे जाहीरपत्र अनेक प्रतींत सादर करावे, भारतीय जकात अंमलदाराने ते तपासून कंटेनरला एकदाच वापरता येणारे कुलूप ठोकावे, सीमेवरील अंमलदाराने कुलूप शाबूत असल्याचा शेरा मारावा, आणि त्या शेऱ्याची प्रत बंदरावर परत येऊन मूळ कागदाशी जुळली म्हणजे प्रकरण निकाली निघावे, असा हा शिरस्ता. काही संवेदनशील मालासाठी तर भारतीय जकातीच्या रकमेइतका विमाही उतरवावा लागे. यात कोणाची बदनियत होती असे नव्हे. पण माल आता या क्षणी कोठे आहे हे सांगण्याची कोणतीच सोय नसल्यामुळे प्रत्येकाकडेच संशयाने पाहणे भाग पडे, आणि त्या संशयाचे मोल गोदीतील खोळंब्याच्या व कंटेनरच्या भाड्याच्या रूपाने काठमांडूच्या गिऱ्हाईकाला द्यावे लागे.

आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने प्रथम प्रायोगिक स्वरूपात चालविलेली आणि २०१९ साली केंद्र सरकारने नियमावली करून पक्की केलेली मागोव्याची इलेक्ट्रॉनिक पद्धती हा शिरस्ता बदलण्यासाठी आली. तिचे मर्म समजण्यासाठी कंटेनरच्या मागच्या बाजूला उभे राहून पाहावे. दोन पोलादी दारे, त्यांवर खालपासून वरपर्यंत गेलेले उभे दांडे, आणि उजव्या दाराच्या दांड्याची मूठ जेथे खाली बसते तेथे एक भोक पाडलेली कडी. पूर्वी या कडीत खिळ्याच्या आकाराचे सील दाबून बसवीत. ते तोडल्यावाचून मूठ वर उचलता येत नसे. आता तेथून एक जाड तार ओवून तिची दोन्ही टोके एका ओबडधोबड पेटीत अडकवितात. पेटीत विजेरी, मोबाईलसारखे सिमकार्ड व उपग्रहांचे संदेश टिपणारा ग्राहक असतो. तार कापली किंवा ओढून काढली, की तिच्यातून वाहणारा प्रवाह तुटतो आणि पेटी तत्काळ वर्दी देते.

उपग्रहाचे नाव निघाले की आकाशातून कोणी आपल्या कंटेनरवर डोळा ठेवून आहे असा सर्वसाधारण समज होतो, तो दूर केला पाहिजे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपण कोठे आहोत व आता किती वाजले एवढेच अखंड सांगत राहतात. खाली कोण ऐकत आहे याची त्यांना वार्ताही नसते. पेटी निदान चार उपग्रहांचे हे बोलणे ऐकते, प्रत्येकाचा संदेश पोचण्यास किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून आपली जागा गणिताने काढते. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर, म्हणजे घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने चुकते. यासाठीच उपग्रहांवर अणुघड्याळे बसविलेली असतात. पोलादाच्या आत या क्षीण लहरी शिरत नाहीत, म्हणून पेटी दाराबाहेर लटकवावी लागते. काढलेली जागा जकात खात्याला कळविण्याचे काम मात्र उपग्रह करीत नाही. ते जमिनीवरील मोबाईलच्या मनोऱ्यांकडे असते, आणि जेथे मनोरा नाही तेथे पेटी आपल्या टिपणवहीत नोंदी साठवून पुढे संधी मिळताच एकदम पाठवून देते.

या नोंदींना अर्थ येतो तो ठरवून दिलेल्या वाटेमुळे. नकाशावर मार्गाच्या दोन्ही अंगांनी अदृश्य हद्द आखलेली असते; कंटेनर तिच्याबाहेर गेला, अवाजवी वेळ एका जागी थांबला किंवा त्याची तार तुटली, तर दोन्ही बाजूंच्या अंमलदारांसमोर इशारा उमटतो. पण इशारा उमटणे आणि चोरी थांबणे यांमध्ये कोणी तरी माणूस जागेवर जावा लागतो, हे पूर्व आफ्रिकेने फार चांगले ओळखले. केनियातील मोंबासा बंदरातून युगांडा व रवांडाकडे जाणाऱ्या ट्रकांचे तांडे पूर्वी जकात अंमलदार स्वतः बरोबर जाऊन पोचवीत. २०१७ च्या सुमारास तिन्ही देशांच्या महसूल खात्यांनी मागोव्याची एकच सामाईक पद्धती स्वीकारली, तेव्हा इशारा येताच धावून जाणारी फिरती पथकेही रस्त्यावर ठेवली. मला या उदाहरणाचे महत्त्व सर्वांत अधिक वाटते, कारण पडद्यावर लुकलुकणाऱ्या ठिपक्याकडे नुसते पाहत राहणारे खाते चोराला फार दिवस भिववू शकत नाही.

यंत्राच्या मर्यादाही उघडपणे सांगितल्या पाहिजेत. पेटी तारेची साक्ष देते, आतल्या मालाची नाही. दाराच्या मुठीचे रिव्हेट काढून, तार जशीच्या तशी ठेवून, दार उघडण्याची युक्ती माल चोरणाऱ्यांना ठाऊक आहे. छताचा पत्रा कापणेही अशक्य नाही. उपग्रहांच्या दुबळ्या लहरी दाबून टाकणारी यंत्रे चोरवाटेने मिळतात. आणि बंदरावर कुलूप लागण्याआधीच मालाचे वर्णन खोटे दिलेले असेल, तर तोच खोटेपणा पेटी बीरगंजपर्यंत इमानाने पोचवते. त्यामुळे वजन, क्ष-किरण तपासणी आणि अनुभवी अंमलदाराची नजर यांना रजा देण्याची घाई कोणी करू नये.

आपल्याकडे मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात जे चालते ते या पेटीच्या पद्धतीहून निराळे आहे. २०१६ पासून तेथे कंटेनरांना रेडिओलहरींनी ओळख पटविणारी चकती लावतात, पण ती उपग्रहांचे काही ऐकत नाही. बंदराचे फाटक, टोलनाका अशा ठिकाणी बसविलेल्या वाचकयंत्रासमोरून गेली तरच तिची नोंद होते. २०१७ पासून निर्यातदार कारखान्यातच माल भरून अशाच जातीचे सील स्वतः लावू लागले, आणि त्यासाठी सरकारी अंमलदाराची वाट पाहत बसण्याचा काळ संपला. दोन नाक्यांच्या मधल्या रस्त्यावर कंटेनरचे काय झाले हे मात्र ही स्वस्त चकती सांगू शकत नाही.

उपग्रहाची पेटी महाग असते आणि तिला परतही आणावे लागते. बीरगंजला नेपाळी जकात अंमलदाराने ती उघडली की तिने पुन्हा कोलकात्याला जाऊन, विजेरी भरून, पुढच्या कंटेनरला लागायचे. पेट्या सीमेवर साठून राहिल्या तर गोदीतला माल पुन्हा खोळंबणार. या सगळ्याचा खर्च अखेर मालाच्या किमतीतच चढतो. सागरी कायद्याने पारगमनाच्या मालावर प्रत्यक्ष बजावलेल्या सेवेच्या मोबदल्यापलीकडे कसलाही आकार घेण्यास मनाई केली आहे; म्हणून या कुलपाचे भाडे उभय सरकारांनी एकत्र बसून ठरवावे, ते खर्चापेक्षा पैनेही अधिक नसावे, आणि बंदराच्या दारावर सर्वांना वाचता येईल असे ते लावलेले असावे.