अंधारातल्या प्रवाशांची मोजदाद

ऑगस्टचा उत्तरार्ध लागला की उत्तर अमेरिकेतले वॉर्बलर, थ्रश असे छोटे पक्षी दक्षिणेची वाट धरतात, तीही रात्री. तेव्हा हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्ष्यांची भीती कमी असते, शिवाय दिवस पोट भरायला मोकळा राहतो.

त्यांना मोजण्याचा जुना मार्ग कानांचा. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ ऑरिन लिबी यांनी सप्टेंबर 1896 मध्ये एका रात्रीत सुमारे 3,800 हाका मोजल्या, त्याही नुसत्या कानांनी. केवढी ही चिकाटी! वॉर्बलरची उडतानाची हाक सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टिकते. ‘त्सिप्’ झालं की संपलं. आता हौशी निरीक्षकही छपरावर मायक्रोफोन लावतात. रात्रीच्या हाकांचे अभ्यासक बिल इव्हान्स यांनी तो प्लॅस्टिकच्या कुंडीत बसवला: कुंडीचं तोंड आभाळाकडे आणि दवापावसापासून बचावाला त्यावर ताणलेला पातळ प्लॅस्टिकचा पडदा.

हवामान रडारवर पावसासारखेच पक्षीही उमटतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचा ‘बर्डकास्ट’ प्रकल्प त्यावरून रात्री किती पक्षी उडताहेत याचा अंदाज देतो. प्रजाती मात्र हाकेवरूनच ओळखावी लागते.

या मोजणीने जीवही वाचतात. न्यूयॉर्कमध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांच्या स्मरणार्थ आकाशात सोडलेल्या प्रकाशझोतांत पक्षी अडकून घिरट्या घालतात. झोतात हजारावर पक्षी दिसले की दिवे सुमारे 20 मिनिटं बंद ठेवतात. काही मिनिटांतच गर्दी पांगते, हे रडारवरही दिसलं आहे.